लहान मुलांचे जेवण दिवेलागणीलाच व्हावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दोन-तीन वर्षांची मुले रात्री जेवत नाहीत, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. आमच्या घरात ती सात-आठ महिने रोज रात्री ऐकू येत होती आणि ती करणाऱ्यांत मीच सर्वांत पुढे होते. त्या काळात आमच्याकडून काय चुकले आणि पुढे आम्ही ते कसे सुधारले, हे नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना आणि उशिरा घरी परतणाऱ्या आई-वडिलांना सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून सध्या डोंबिवलीत मुलाकडे राहते. मुलगा आणि सून दोघेही मुंबईत नोकरी करतात. सव्वादोन वर्षांची नात सकाळी साडेनऊ ते चार पाळणाघरात असते आणि त्यानंतर माझ्याजवळ. दीड वर्षाची होईपर्यंत ती वरणभात, मुगाची खिचडी, मेतकूट-भात, गूळ-तूप लावलेली पोळी असे जे पुढे येईल ते खात असे. त्यानंतर मात्र हळूहळू रात्रीच्या जेवणाला नकार सुरू झाला. सकाळी बरी खाणारी, पाळणाघरात डबा संपवणारी मुलगी रात्री नऊला वाटी दिसली की तोंड फिरवू लागली. घास तोंडात धरून ठेवायचा, गालात साठवायचा आणि शेवटी बाहेर टाकायचा, हे रोजचे झाले. आधी आम्ही चिऊ-काऊचे घास केले, मग गॅलरीत नेऊन चांदोमामा दाखवला, मग मोबाइल आला, आणि तोही पुरेनासा झाला तेव्हा एकाने हात धरायचे आणि दुसऱ्याने चमचा आत सारायचा इथवर आम्ही पोहोचलो. एका रात्री असा सारलेला घास तिच्या घशाशी आला आणि दिवसभराचे सगळे खाणे उलटून पडले. ती रडत झोपली, सूनही रडली, आणि मी मात्र दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या सांगण्यावरून मीठ-मोहरी ओवाळून नातीची दृष्ट काढली.

या साऱ्या प्रकारातील माझी सर्वांत मोठी चूक वाटी-चमच्याची नव्हतीच. सून पावणेनऊला घरी येई. सकाळी साडेसातला बाहेर पडलेली, गाडीच्या गर्दीतून आलेली ती मुलगी दारात चप्पल काढत असतानाच मी तिला सांगत असे, “आजही काही खाल्लं नाही हं हिने.” माझ्या मनात त्यात दोषारोप नव्हता, दिवसभराची काळजी मी तिच्या हाती सोपवत होते. पण ऐकणाऱ्या आईला त्यातून एकच अर्थ लागत होता, की आपण घरी नव्हतो म्हणून मूल उपाशी राहिले. पाठीवरची पिशवी खाली ठेवून, हातपाय धुऊन ती थेट वाटी घेऊन बसे आणि मग तिच्या दृष्टीने ते नुसते जेवण राहत नसे. दिवसभराच्या अनुपस्थितीची भरपाई त्या वाटीतून करायची असे. मुलांना शब्द कळत नसले तरी हातातील ताण कळतो. चमचा ज्या घाईने तोंडाशी येई, त्या घाईलाच नात नकार देत होती, असे मला आता वाटते.

आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो ते भूक वाढवणारे औषध मागायला. त्यांनी ते दिले नाही. त्यांनी वजन-उंची घेतली, वाढीचा आलेख समोर ठेवला आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मापदंड समजावून सांगितले. त्यानुसार मुलीचे सरासरी वजन जन्मतः ३.२ किलो, एका वर्षी ८.९ किलो, दोन वर्षांनी ११.५ किलो आणि तीन वर्षांनी १३.९ किलो असते. म्हणजे पहिल्या वर्षात पावणेसहा किलोच्या आसपास वाढणारे वजन दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोच्या वर वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. मुलाने पहिल्या वाढदिवसाला जेवढ्या ओढीने खाल्ले तेवढ्याच ओढीने दुसऱ्या वाढदिवसाला खावे, ही आपली अपेक्षाच निसर्गाला धरून नाही. शिवाय या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटणे स्वाभाविक असते. ती साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात सर्वाधिक असते. चालू-फिरू लागलेल्या मुलाने दिसेल ते तोंडात घालू नये, अशी ती निसर्गाची राखण असावी, असे डॉक्टर म्हणाले आणि मला ते पटले. नातीचे वजन आलेखावर तिच्या नेहमीच्या रेषेला धरून चालले होते. ती बारीक झाल्याचे इमारतीतील प्रत्येकाला दिसत होते. आलेखाला ते दिसत नव्हते.

मग त्यांनी एक साधे काम सांगितले. तीन दिवस तिच्या तोंडात जे जाईल ते, वेळेसह, एका कागदावर लिहायचे. शिक्षिकेच्या सवयीने मी ते नेटकेपणाने लिहिले आणि माझेच डोळे उघडले. सकाळी उठल्यावर एक कप दूध. चार वाजता पाळणाघरातून आल्यावर एक कप दूध. सहाला खेळून आल्यावर तीन-चार बिस्किटे. सात वाजता, आई रात्री घरी येईपर्यंत भूक लागू नये म्हणून, पुन्हा एक कप दूध. नऊला जेवणाचा प्रसंग, आणि जेवण झाले नाही म्हणून उपाशी झोपायला नको या विचाराने दहा वाजता आणखी एक कप दूध. आमच्या घरचा कप दोनशे मिलिलिटरचा आहे आणि आमच्याकडे फुल क्रीम पिशवीचे दूध येते. चार कपांचे आठशे मिलिलिटर झाले आणि त्यातून सातशे किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा मिळाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाची सरासरी गरज दिवसाला सुमारे १,०१० किलोकॅलरी असते. बिस्किटे आणि पाळणाघरातला डबा धरला तर रात्री नऊला त्या पोटात जागाच कुठे होती? जिला आम्ही उपाशी समजत होतो ती मुलगी पोटभर खाऊन आमच्यासमोर बसत होती आणि स्पष्टपणे “नको” म्हणत होती.

दुधाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण “निदान दूध तरी पोटात गेलं” हे वाक्य प्रत्येक आजीच्या तोंडी असते आणि माझ्याही होते. दूध चांगलेच आहे, पण गाईच्या आणि म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसते. दुधानेच पोट भरलेले मूल डाळ, पालेभाजी, नाचणी, अंडे यांच्याकडे वळत नाही आणि त्याचा लोहाचा पुरवठा आटतो. लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते. दुधावर राहणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठताही होते आणि पोट साफ नसलेले मूल जेवायला मागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली होती. यात गरिबीचा आणि जंतांचा वाटा मोठा आहेच. परंतु पोटाला काही कमी नसलेल्या घरांतील मुलेही यात असतात, हे आपण विसरतो. एक वर्षानंतर दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर दूध पुरते, असे आम्हाला सांगण्यात आले. सरकारी यंत्रणेकडून या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोहाचे औषध आणि ठरावीक काळाने जंतनाशक गोळी मिळते. ती मागून घ्यायला आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांनी संकोच करू नये.

आता आमच्या घरात काय बदलले ते सांगते. सर्वांत आधी घड्याळ बदलले.

माझे बालपण कोकणात, मोठ्या कुटुंबात गेले. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून आम्ही मुले शुभं करोति म्हणत असू, मग परवचा होई आणि लगेच सातच्या सुमारास मुलांची पंगत बसे. मोठ्यांची पंगत नंतर, आणि घरातल्या बायका सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाऊन उठत. त्या शेवटच्या पंगतीचे मला मुळीच कौतुक नाही आणि ती पद्धत गेली हे उत्तम झाले. पण मुलांची पंगत आधी, ही त्यातली शहाणपणाची बाब होती आणि नोकऱ्यांच्या वेळापत्रकात तीही आपण गमावली. नऊ-साडेनऊला मूल झोपेला आलेले असते. थकलेल्या मुलाला चावण्याचाही कंटाळा येतो. दाढा येण्याच्या दिवसांत तर फारच. त्या वेळी त्याच्यासमोर ताट ठेवून मग त्याला हट्टी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आम्ही चारचे दूध अर्ध्या कपावर आणले आणि त्यासोबत फळ किंवा मुरमुरे असे थोडेसे खाणे ठेवले. पाचनंतर जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही द्यायचे नाही, असे ठरवले. बिस्किटांचा डबा मी घरातून काढून टाकला, कारण डबा दिसत असताना तो न देणे मला जमणारे नव्हते. सातला मी आणि नात दोघी जमिनीवर शेजारी बसतो. मीही त्याच वेळी जेवते, हे महत्त्वाचे आहे. पूर्वी मी तिला भरवत होते, आता मी तिच्यासोबत जेवते. ताटात घरात जे शिजले आहे तेच, फक्त तिखट बेताचे. त्यात एक पदार्थ असा असतो की जो तिला हमखास आवडतो, बहुधा दही किंवा साधा वरणभात. तिच्या वयाला प्रत्येक पदार्थाचे दोन मोठे चमचे पुरतात, वर्षाला एक चमचा असा साधा ठोकताळा आहे. मी पूर्वी जी वाटी भरत असे ती माझ्या मापाची होती. वीस-पंचवीस मिनिटे झाली की ताट उचलायचे; किती खाल्ले यावर काही बोलायचे नाही, शाबासकीही नाही आणि “एवढंच?” ही नाही.

एलिन सॅटर या अमेरिकेतील आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणातील जबाबदाऱ्यांची जी वाटणी सुचवली आहे, ती आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितली. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मला पहिले पाच दिवस अतिशय जड गेले. पहिल्या दिवशी तिने दह्याची दोन बोटे चाटली आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी बिस्किटासाठी जमिनीवर लोळण घेतली. तिसऱ्या रात्री मी अंथरुणावर पडून ती उपाशी झोपली आहे, या विचाराने दोनदा उठून तिच्याकडे पाहून आले. ती शांत झोपली होती. सकाळी उठल्याबरोबर तिने एक अख्खे धिरडे खाल्ले, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की रात्रीचे राहिलेले ती सकाळी भरून काढते आहे.

याला शास्त्रीय आधारही आहे. लिआन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांच्या खाण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. एकेका जेवणातील खाणे कमालीचे कमी-जास्त होत असले तरी चोवीस तासांची बेरीज पुष्कळशी स्थिर राहते, असे त्यांना दिसले. त्याही आधी, १९३९ मध्ये, शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी पंधरा बालकांवरील आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. चौतीस साध्या पदार्थांतून मुलांना हवे ते, हवे तितके निवडू दिले असता ती सुदृढ वाढली. मात्र त्या चौतीस पदार्थांत साखर किंवा गोड पदार्थ मुळीच नव्हते, याकडे डेव्हिस यांनीच लक्ष वेधले होते. मुलावर विश्वास टाकायचा तो चांगल्या अन्नाच्या कुंपणात. बिस्किटे, वेफर्स आणि चॉकलेट त्या कुंपणात आणून मग मूल निवडेल ते खरे, असे म्हणता येणार नाही.

नव्या भाज्यांच्या बाबतीतही माझा उतावळेपणा नडला होता. एकदा-दोनदा नाकारलेली भाजी मी तिला आवडत नाही असे ठरवून बाद करत असे आणि तसे तिच्यासमोर सांगतही असे. “हिला भोपळा अजिबात चालत नाही.” मग ती भोपळा का खाईल? नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही तो त्याच्या ताटात यावा लागतो, असे या विषयातील अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे. मी लाल भोपळ्याच्या भाजीची एकेक फोड, काहीही न बोलता, तिच्या ताटात ठेवत गेले. ती कधी तिला बोटाने ढकलून देई, कधी दाबून पाही, कधी उचलून माझ्या ताटात टाकी. महिन्याभराने एका संध्याकाळी तिने ती तोंडात घातली, थोडी चघळली आणि गिळली. पालक ती अजूनही खात नाही; डाळीत शिजवलेला मात्र चालतो. घारगे, थालीपीठ, नाचणीचे धिरडे असे हातात धरता येणारे पदार्थ मुलांना भरवलेल्या घासापेक्षा जास्त आवडतात, हाही अनुभव आला. सांडते, कपडे भरतात, फरशी पुसावी लागते. तिथे आम्हाला सोय अधिक प्रिय होती आणि तिला स्वतःचा हात.

मोबाइलविषयी पालक सर्वाधिक हतबल दिसतात. सायंकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत गेले तर एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेतलेल्या आया, आज्या आणि मदतनीस बायका ओळीने बसलेल्या असतात. मूल चित्राकडे पाहत असते आणि आ करत असते. आपण काय खातो, पोट भरले की नाही, याकडे त्याचे लक्षच नसते. वाटी संपते, पण भूक आणि तृप्ती ओळखायला शिकण्याचे वय निघून जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे सांगते. जेवताना तर कोणत्याच वयात नको. आम्ही मोबाइल एका दिवसात बंद केला. मोठ्यांनीही जेवताना तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा, असा नियम केला आणि त्याचा सर्वाधिक त्रास माझ्या मुलाला झाला, हे नमूद करते.

भूक वाढवणाऱ्या औषधांबद्दलही एक शब्द. अनेक घरांत अशी बाटली शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून थेट औषधाच्या दुकानातून येते. त्यांपैकी काहींत सायप्रोहेप्टाडिन हे मुळात अॅलर्जीसाठी वापरले जाणारे औषध असते आणि त्याने झोप येते. डॉक्टरांनी तपासून, विचारपूर्वक दिल्याशिवाय अशी औषधे सव्वादोन वर्षांच्या मुलाला देणे योग्य नाही.

नऊच्या वेळेचा प्रश्न मात्र या सगळ्यापेक्षा नाजूक निघाला. नात सातला जेवू लागल्यावर मला वाटले की सुनेच्या डोक्यावरचा भार उतरला. तसे झाले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, “आई, मग मी आल्यावर तिच्यासाठी करायचं काय?” तिचा प्रश्न मला आत लागला. दिवसभरात लेकीसोबतचा तिचा एकुलता एक तास त्या वाटीभोवती गुंफलेला होता. तो रडारडीचा असला तरी तिचा होता. तो मी काढून घेतला होता. त्यावर आम्ही दोघींनी बसून विचार केला. आता ती आली की नातीची आंघोळ तीच घालते. सव्वानऊला मुलगा-सून जेवायला बसतात, तेव्हा नात त्यांच्या मध्ये बसते. कधी आईच्या ताटातली पोळी तोडते, कधी काकडीची फोड उचलते, कधी नुसतीच बडबड करते. ते कोणी मोजत नाही. नंतर अर्धा कप दूध आणि एक गोष्ट. सातला ती चांगली जेवली असो वा नसो, दूध अर्धा कपच. कमी जेवली म्हणून जास्त दूध, ही आमची जुनी चूक होती. आणि सून दारात आल्यावर मी आता तिच्यासाठी चहा टाकते. खाण्याचा हिशेब ती विचारेल तेव्हाच सांगते. बहुतेक दिवशी ती विचारत नाही.

नात अजूनही कित्येक संध्याकाळी जवळजवळ काही खात नाही. सर्दी-ताप आला की सगळी घडी विस्कटते आणि बरे वाटल्यावर ती पुन्हा बसवावी लागते. पाहुण्यांच्या घरी, लग्नकार्यात नियम मोडतात. पण घरात आता जेवणाच्या वेळी कोणी रडत नाही.

प्रत्येक न खाणारे मूल केवळ थकलेले किंवा दुधाने भरलेले असते, असा माझ्या पत्राचा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. वजनाची रेषा आलेखावर खाली येत असेल, मूल फिकट दिसत असेल, माती किंवा भिंतीचा चुना खात असेल, गिळताना अडकत किंवा रडत असेल, वारंवार उलट्या किंवा घट्ट शौचाचा त्रास असेल, अथवा त्याच्या खाण्यातील पदार्थांची संख्या दिवसेंदिवस कमी होत मोजक्या चार-पाचांवर आली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. अंगणवाडीतही मुलाचे वजन घेऊन नोंद होते. त्या कार्डाकडे पालकांनी लसीकरणाइतक्याच गांभीर्याने पाहावे. आणखी एक सावधगिरीची गोष्ट सांगते. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, फुटाणे या वयात देऊ नयेत, आणि रडणाऱ्या किंवा धावणाऱ्या मुलाच्या तोंडात घास घालू नये. घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा असतो. हात धरून भरवण्याच्या त्या दिवसांत आम्ही केवढा धोका पत्करत होतो, हे आठवले की आजही मला कापरे भरते.

ज्या घरांत आजी-आजोबा नाहीत आणि आई-वडील दोघेही रात्री आठनंतरच पोहोचतात, त्यांनी सातला जेवण कसे द्यावे, असा प्रश्न मला बागेतील एका तरुण आईने विचारला. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर एकट्या आईकडून अपेक्षिणे बरोबर नाही. याबाबत शहरांतील पाळणाघरे चालवणाऱ्या भगिनींना माझी मनापासून विनंती आहे. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणाऱ्या मुलांना सहा-साडेसहाला बिस्किटे देऊन वेळ मारून नेण्याऐवजी, घरून आलेला जेवणाचा दुसरा डबा सातच्या सुमारास सर्व मुलांना एकत्र बसवून खाऊ घालण्याची सोय करावी. मुले मुलांच्या संगतीत खातात, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामापासून प्रेरणा घेतलेल्या आम्हा शिक्षिकांनी शाळेच्या ओसरीवर रोज पाहिले आहे. घरी खिचडीला हात न लावणारे मूल शेजारच्याचे पाहून दुसऱ्यांदा वाढून घेते. मुलाला नेताना पालकांच्या हाती एक चिठ्ठी द्यावी, तीत दुपारी किती वाजता काय खाल्ले, किती वेळ झोप झाली आणि शौचाला झाली का, एवढ्या तीन ओळी असाव्यात. दुपारी चारला पोटभर शिरा खाल्लेला आहे हे कळले, तर घरी पोहोचलेली आई रात्री वाटी घेऊन त्याच्यामागे धावणार नाही. आमच्या पाळणाघराने माझ्या विनंतीवरून अशी चिठ्ठी सुरू केली आहे आणि तिला वेगळा खर्च आलेला नाही.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर जागा असेल, तर मुला-मुलींच्या वजन-उंचीचे आलेख सोप्या मराठी खुलाशासह एकदा छापावेत, अशीही विनंती करते. फ्रिजवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटवता येतील इतक्या आकारात ते छापले, तर फार बरे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक वाचक आजी, डोंबिवली (पूर्व)